बिनलाडूच्या मुली

आमच्या घरात आई कधी हळू बोललेली मला आठवत नाही. सात रस्ता चौकाच्या मागच्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसभर खडखड चालायची. पाहुणे आले की पहिले एक-दोन दिवस डोकं धरून बसायचे. आमचं उलट होतं, वीज जाऊन माग थांबले की घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. त्या खडखडीच्या वर आवाज चढवून बोलायला आई लग्नानंतर शिकली आणि मग तो आवाज तिला खाली आणता आला नाही, देवळातसुद्धा नाही. ती अक्कलकोटकडच्या खेड्यातली. माहेरी निम्मं कानडी, निम्मं मराठी, त्यामुळे रागावली की भाषा बदलायची आणि आम्ही भावंडं समजून जायचो की आता इथून निघावं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ते फार बोलत नसत. घरी आले की आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग पुन्हा एकदा नुसत्या पाण्यानं, आणि ताटावर बसायचे.

ताटात बहुतेक रोज तेच. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, एखादी पातळ भाजी. चटणी आई उखळात कुटायची. शेंगदाणे मंद आचेवर भाजून घ्यायचे, त्यात लसूण, तिखट, मीठ, आणि मग तेल सुटेपर्यंत कुटत राहायचं. तो वास गल्लीभर जायचा आणि वासामागोमाग शेजारची पोरं दारात यायची. आमच्याकडे एक गोष्ट चोरीच्या खालोखाल वाईट समजली जायची, ती म्हणजे समोर माणूस उभं असताना आपण एकट्यानं खाणं. घास मोडून आधी समोरच्याच्या हातावर ठेवायचा, मग आपल्या तोंडात. गल्लीतल्या सगळ्याच घरांत थोड्याफार फरकानं हेच होतं, मग ती तेलुगू असोत, मुसलमान असोत, नाहीतर आमच्यासारखी खेड्यातून आलेली. पोरं हे बरोबर ओळखून असायची आणि भाकरी तव्यावरून उतरायच्या वेळेला हजर व्हायची. आई 'मेल्यांनो' म्हणत म्हणत त्यांना वाढायची. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की नववीत आमच्या विज्ञानाच्या बाईंनी जो प्रयोग मांडला तो नेमका या ठिकाणी येऊन आपटला.

हिरेमठ बाई त्याच वर्षी आमच्या मुलींच्या शाळेत लागल्या होत्या. वयानं आमच्या थोरल्या बहिणींएवढ्याच असतील. निऱ्या एका हातात धरून दोन दोन पायऱ्या चढायच्या आणि खडू मोडला तर मोडलेला तुकडाही पूर्ण संपवायच्या. आधीचे सर आम्हाला विज्ञान वाचून दाखवायचे. ते मोठ्यानं वाचायचे, आम्ही खाली रेघा मारायचो, विज्ञान संपलं. बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या की पुस्तक मिटा आणि मला सांगा, तुम्हाला काय माहीत करून घ्यायचंय. असं आम्हाला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, नागमणीला चक्कर का येते?"

नागमणी माझ्याच बाकावर बसायची. उंच, काटकुळी, गणितात सगळ्यांच्या पुढे. तिचे वडील कारखान्यात माग चालवायचे आणि आई नि थोरली बहीण घरी विड्या वळायच्या. घरात सगळे तेलुगू बोलायचे. वडिलांना ती नायना म्हणायची. तर ही नागमणी प्रार्थनेच्या वेळी कधीकधी उभ्याउभ्या खाली बसायची. एकदा सरळ पडलीच आणि कपाळाला खोक पडली. तेव्हा तिचे नायना शाळेत आले होते. माणूस मोठा मानी. शाळेतून मिळालेला फुकटचा गणवेश त्यांनी घडीसकट परत पाठवला होता. त्या दिवशी ते मुख्याध्यापिकांना, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंना, एवढंच म्हणाले की पोरगी अशी पडत राहिली तर मी तिला घरी बसवीन, अंगणात बसून विड्या वळताना तरी पडायची नाही. नागमणीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली वगैरे काही नाही. तिनं वहीत त्रिकोण काढला आणि त्याचे कोन मोजत बसली. ती गेली तर बाकावर शेजारी कोण बसणार, इथपासून माझी काळजी सुरू झाली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाईंनी तो प्रश्न सोडला नाही. त्यांचा भाऊ एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो सुया, काचेच्या नळ्या आणि औषधाची बाटली घेऊन आला. बोटातून रक्ताचा थेंब नळीत घ्यायचा, त्यात औषध घालायचं आणि मग थेंब थेंब पाणी टाकत त्याचा रंग शेजारच्या नळीतल्या रंगाशी जुळवायचा. जुळला की आकडा वाचायचा. पालकांना विचारायची वगैरे पद्धत तेव्हा नव्हती. सुई घेऊन कुणी आलं की बोट पुढं करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. बहुतेक जणींचं रक्त कमीच निघालं, नागमणीचं सगळ्यात कमी. मग बाईंनी प्रयोग समजावला. शेंगदाणे, गूळ आणि अळीव यांचे लाडू करायचे. वर्गातल्या निम्म्या मुलींना रोज एक लाडू द्यायचा, निम्म्यांना नाही. संक्रांतीला गावात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास शाळेत प्रदर्शन असतं, त्याच्या आधी सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासायचं. लाडू खाणाऱ्यांचं जास्त वाढलं तर लाडवाचा गुण सिद्ध. आणि ते सिद्ध झालं तर अख्ख्या शाळेला मधल्या सुट्टीत लाडू सुरू करू, असं मोठ्या बाईंनी कबूल केलं होतं.

कुणाला लाडू आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या, निम्म्यांवर 'लाडू' लिहिलेलं, निम्म्या कोऱ्या. मला लाडू निघाला. नागमणीला कोरी. तिनं ती नीट घडी घालून कंपासपेटीत ठेवली. मी तास संपल्यावर बाईंच्या मागे प्रयोगशाळेत गेले.

"बाई, माझी चिठ्ठी नागमणीला द्या."

"का गं?"

"तिला चक्कर येते. मला येत नाही."

बाई हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळल्या. "म्हणूनच देता येत नाही. आपण निवडून द्यायला लागलो तर लाडू कुणाला जातील? ज्या जास्त अशक्त आहेत त्यांना, किंवा आपल्या मैत्रिणींना. मग रक्त वाढलं तरी ते लाडवानं वाढलं की आणखी कशानं, हे आपल्याला कसं कळणार? आणि ते कळलं नाही तर मोठ्या बाई लाडू सुरू करणार नाहीत. आता काही जणी थोड्या थांबल्या तर पुढं सगळ्यांना मिळेल. नागमणीलाही."

"आणि तोवर तिला घरी बसवलं तर?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, यांना उत्तर येत नाही. शिक्षकाला उत्तर येत नाही हे मी पहिल्यांदा पाहत होते आणि खरं सांगायचं तर त्यानं त्या मला जास्त आवडल्या.

वर्गात शकीला बाईंच्या बाजूची होती. तिचे अब्बा तराजू दुरुस्त करायचे, त्यामुळे कुठलंही भांडण ती तराजूवर नेऊन ठेवायची. "एक पारडं रिकामं ठेवलं तरच दुसऱ्यातलं वजन कळतं," ती म्हणाली. "आणि तोलताना पारड्याला बोट लावायचं नाही. बाई बरोबर बोलतात. तुझी दोस्ती तराजूत नक्को घालू." मी तिच्याशी तो सगळा दिवस बोलले नाही.

लाडू करायचं काम मात्र माझ्याच आईकडे आलं, कारण बाईंनी विचारल्याबरोबर मी हात वर केला होता. बाईंनी सामान पाठवलं. आईनं पदर खोचला, शेंगा भाजायला घेतल्या आणि मोठ्या आनंदात लागली. तोवर मी तिला पूर्ण गोष्ट सांगितली नव्हती. सांगितली तेव्हा तिचा उलथनं धरलेला हात थांबला.

"म्हंजी निम्म्या पोरी खाणार आन निम्म्या बघत बसणार? आगं कसली ही शाळा?"

"बघत नाही बसणार. लाडूवाल्यांनी प्रयोगशाळेत दार लावून खायचं."

"दार लावून?" आईला हे आणखीच वाईट वाटलं. "चोरावानी?"

अण्णा जेवत होते. त्यांनी मान वर केली. "त्या बाईचं बरोबर हाय," ते म्हणाले. "नवीन तेल आलं की आमी एका गाडीत घालतो, दुसरीत जुनंच ठेवतो. दोन्ही एकाच रस्त्याला सोडायच्या. त्याबिगर तेल कसं हाय ते कळत न्हाय."

"गाडीला भूक लागत न्हाय," आई म्हणाली.

अण्णांनी यावर थोडा विचार केला आणि पुन्हा जेवायला लागले. त्या दोघांचं हे भांडण मी नंतर शिकलेल्या माणसांच्या तोंडून कितीतरी मोठ्या शब्दांत ऐकलं, पण त्यात भर पडलेली फारशी आढळली नाही. आई त्या दिवशी लाडू वळत राहिली खरी, पण प्रत्येक लाडू ठरवलेल्यापेक्षा मोठा होत गेला. मी म्हटलं, एवढा कशाला, तर म्हणाली, "मोडाय बरा पडंल."

आता यावर मी काय करणार होते? पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत दार लावून आम्ही लाडू खाल्ले. बाई समोर खुर्चीवर बसल्या होत्या. मी अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधून खिशात टाकला. बाहेर आल्यावर नागमणीला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि अर्धा तिच्या हातात कोंबला. तिनं माझ्याकडे बघितलं, लाडवाकडे बघितलं आणि खाल्ला. मला इतकं बरं वाटलं की उरलेल्या तासांना काय शिकवलं ते आठवत नाही. मग हे रोजचंच झालं. एवढ्यानंही आईचं समाधान नव्हतं. रविवारी ती मला नागमणीला बोलवायला पाठवायची, निमित्त चटणी कुटायला हात लागतो म्हणून, आणि कुटून झालं की तिच्यापुढे लाडू ठेवायची. नागमणी मुकाट्यानं खायची आणि चांगली कुटायची.

टाकीमागची आमची जागा सुरक्षित आहे असं मी धरून चालले होते. एरवी बाई आम्हाला खाणं होईल तसं एकेकीला सोडायच्या. एके दिवशी मात्र त्या सगळ्यांना एकदमच सोडून स्टाफरूममध्ये गेल्या, आणि मी नागमणीला घेऊन टाकीमागे वळले तर तिथं जागाच नव्हती. वर्गातल्या झाडून सगळ्या लाडूवाल्या तिथं उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या समोर तिची एकेक बिनलाडूची मैत्रीण. कुणाचा रुमाल उघडलेला, कुणाचा कागद. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. कोपऱ्यात शकीला होती. तिचा अर्धा लाडू मंगल नावाच्या मुलीच्या हातात होता.

"बोट लावलंस की पारड्याला," मी म्हणाले.

"हौ, लावलं," शकीला म्हणाली. "अब्बांना नक्को सांगू."

मग जी हसायला सुरुवात झाली ती घंटा झाली तरी थांबेना. आपण एकटीच चुकतोय असं इतके दिवस प्रत्येकीला वाटत होतं. सगळ्याच चुकतोय म्हटल्यावर ती चूक वाटेनाशीच झाली. हे किती धोक्याचं असतं ते कळायला पुढं बराच काळ जावा लागला. पण त्या दिवशीचा आनंद खराच होता आणि तो मी नंतरच्या शहाणपणापायी टाकून देणार नाही.

माझी नात आता नववीत आहे. मध्यंतरी तिला मी ही हकिकत सांगितली. ती मोबाइल खाली ठेवून ऐकत होती, म्हणजे गोष्ट बरी वाटली असावी. संपल्यावर म्हणाली, "आजी, हे टोटली अनएथिकल होतं." मी विचारलं, "काय, लाडू न देणं की चोरून देणं?" म्हणाली, "दोन्ही." आणि पुन्हा मोबाइल उचलला. आम्हाला जे समजायला अख्खा हिवाळा लागला ते या पोरींना दोन वाक्यांत समजतं. आता यांचं पुढं कसं निभतं ते पाहायचं.

संक्रांत तोंडावर आली, गड्ड्यावर पाळणे उभे राहायला लागले, आणि बाईंचा भाऊ नळ्या घेऊन पुन्हा आला. आमच्यापैकी एकीलाही तोवर सुचलं नव्हतं की या दिवशी काय होणार. बोटं टोचली गेली, रंग जुळवले गेले. नागमणीच्या वेळी तो थांबला. नळी उजेडात धरली, पुसली, पुन्हा धरली. मग म्हणाला, दुसरं बोट दे. दुसऱ्या बोटाचंही तेच आलं. सगळ्यांचंच रक्त थोडंथोडं वाढलं होतं, लाडूवाल्यांचं आणि बिनलाडूच्यांचं जवळजवळ सारखं. आणि सगळ्यांत जास्त वाढलं होतं नागमणीचं, जिला लाडू द्यायचाच नव्हता. बाईंनी आकडे तक्त्यावर उतरवले आणि दोन्ही रकान्यांच्या बेरजा पुन्हा करून पाहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लाडवाचा काही उपयोग होत नाही, असंच दिसतंय. मोठ्या बाईंना तसं सांगावं लागेल." आणि बाहेर गेल्या.

त्यानंतरचा तास मोकळा होता. एकदम सगळ्या बोलायला लागल्या. शकीला म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन बाईंना खरं सांगायचं, माप खोटं आहे हे माहीत असताना तोलून देणं हा गुन्हा असतो. मंगल म्हणाली, खरं सांगून काय मिळणार, लाडू तर मिळणारच नाहीत. त्यापेक्षा बाईंच्या भावाला सांगून बिनलाडूच्यांचे आकडे कमी लिहून घ्यायचे. लाडू चांगला आहे हे आपल्याला माहीत आहे ना, मग सगळ्या शाळेचं भलं होत असेल तर त्यात खोटं काय? यावर बऱ्याच माना डोलल्या. माझीही डोलली असेल. शकीला म्हणाली, लाडू चांगला आहे हे तुला कुठून माहीत? सगळ्यांचंच वाढलं, थंडीत भूक लागते म्हणूनही वाढलं असेल. मी उठून म्हणाले की तुमचं सगळं ठीक आहे, पण खरं सांगितलं तर ते प्रदर्शनात लागणार, नागमणीच्या नायनांच्या कानावर जाणार. आपली पोरगी शाळेत दुसऱ्यांच्या हातचं खाते हे त्यांना कळलं तर ते तिला उद्याच घरी बसवतील. फुकटचा गणवेश न घेणारा माणूस आहे. एक जण म्हणाली, तिचं नाव वगळू. दुसरी म्हणाली, सगळ्यात जास्त वाढलेलीच वगळायची म्हणजे उरलं काय? कितीतरी वेळ हेच चाललं होतं. तिच्या घरचं, तिच्या रक्ताचं, तिच्या नशिबाचं.

"मी हितंच हाय," नागमणी म्हणाली.

ती माझ्या शेजारीच बसली होती. आवाज चढवलेला नव्हता, पण सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"चिठ्ठी काढली तवा मला कुणी विचारलं न्हाय, तुला कोरी चालंल का म्हणून. लाडू हातात दिला तवाबी न्हाय. आता सांगायचं का लपवायचं, तेबी तुमीच ठरवताय."

"मग नको म्हणायचंस ना," मी म्हणाले. मला लागलं होतं.

"कशी म्हणू? अर्धा देताना तुझं तोंड बघितलंस का कदी? तुझी आई तर मी खाईपर्यंत समोरून हालत न्हाय. आन मला अळीव आवडतच न्हाय. दातात अडकतंय."

कुणीतरी हसलं आणि मग ते हसू गिळलं. मी तिच्याकडे बघत राहिले. रोज टाकीमागे मी तिला बघत होते असं मला वाटत होतं, पण बघत होते ते मी मला. हे मला त्या क्षणी एवढ्या शब्दांत कळलं नसेल, पण अंगभर गरम झालं हे नक्की आठवतंय. शेवटी शकीलानं विचारलं, "मग तूच सांग. काय करायचं?"

"बाईंना सांगायचं," नागमणी म्हणाली. "पर मी सांगणार."

आम्ही सगळ्या तिच्यामागून प्रयोगशाळेत गेलो. बाई नळ्या धूत होत्या. नागमणीनं सगळं सांगितलं, टाकीमागचं, रुमालातलं, आमच्या घरच्या रविवारचं. एकीचंही नाव घेतलं नाही, पण आम्हीच आपापल्या माना खाली घालून नावं सांगत होतो. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी?" आणि शकीला म्हणाली, "सगळ्यांनी, बाई. पहिल्या दिवसापासून." बाई स्टुलावर बसल्या. त्यांचा कितीतरी दिवसांचा खटाटोप आम्ही रुमालात बांधून टाकीमागे खाऊन टाकला होता. मला वाटलं, आता या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई," नागमणी म्हणाली, "शनिवारचंबी सांगू का?"

बाईंचे कान लाल झाले. शनिवारी अर्ध्या दिवसानं शाळा सुटली की नागमणी त्यांना प्रयोगशाळा आवरायला मदत करायची, एवढं आम्हाला माहीत होतं. आवरून झालं की बाई तिच्यापुढे डब्यातला उरलेला लाडू ठेवायच्या, हे माहीत नव्हतं. "उरलेला होता," बाई म्हणाल्या, आमच्याकडे न बघता. "मी म्हटलं, उरलेला धरायचा नाही." आणि मग त्यांना हसू फुटलं. तोंडावर पदर धरून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं पाणी काही हसण्याचं नव्हतं. डोळे पुसून त्यांनी तक्ता टेबलावर पसरला, दौत-टाक नागमणीपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुला आधी विचारायला हवं होतं. आता विचारते. यावर काय लिहायचं? आणि लिहायचं की नाही?"

नागमणीनं टाक शाईत बुडवला आणि आकड्यांच्या खाली, तिच्या त्या सरळ उभ्या अक्षरात लिहिलं: 'या मुलींना लाडू द्यायचा नव्हता. सगळ्यांनी दिला. त्यांना कुणी विचारलं नाही.' आणि त्याखाली स्वतःचं नाव.

प्रदर्शनात आमच्या तक्त्याला काही मिळालं नाही. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी चष्मा वर करून वाचलं, हा प्रयोग म्हणता येणार नाही, असं म्हणून ते पुढच्या टेबलावरच्या ज्वालामुखीकडे गेले. मोठ्या बाईंनी लाडवाचा विषय पुढच्या वर्षावर टाकला. पुढच्या वर्षी मधल्या सुट्टीत सगळ्यांना फुटाणे आणि गूळ मिळायला लागला. तो आमच्या तक्त्यामुळे की आणखी कशामुळे, ते कुणी तपासून पाहिलं नाही.

मी नोकरी केली पोस्टात, विज्ञानाशी संबंध उरला नाही. पण निवृत्त झाल्यावर इथल्या एका रुग्णालयात एक समिती आहे, तिच्यावर मला बोलावलं. नवीन औषध माणसांवर वापरून बघायचं असेल तर आधी त्या समितीपुढे यावं लागतं, आणि तिच्यात डॉक्टर नसलेलं एक साधं माणूस असावं लागतं. ते साधं माणूस मी. डॉक्टर मंडळी आकडे मांडतात, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नाही, आणि मला त्यातलं बरंचसं कळत नाही. माझी पाळी आली की मी विचारते, ज्यांना देणार नाही त्यांना हे नीट सांगितलंय का, त्यांच्या भाषेत, आणि ते नको म्हणू शकतात का. समोरचं कोणी तरुण असेल तर जरा वैतागतं. वैतागू दे.

प्रदर्शनाच्या रविवारी गड्ड्याच्या जत्रेमुळे कारखाने बंद होते, आणि नागमणीचे नायना आले. पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस. नागमणीनंच त्यांना हाताला धरून आणलं होतं. मी शकीलाच्या मागे लपले. नागमणी तक्त्यावर बोट ठेवून एकेक ओळ तेलुगूत सांगत होती. ते ऐकत होते. शेवटच्या ओळींपाशी त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं, आणि मग आणखी एकदा. हिरेमठ बाई पुढे आल्या, काही बोलायचं म्हणून त्यांनी हात जोडले. नायनांनीही जोडले आणि मुलीला घेऊन ते निघून गेले.

सोमवारी प्रार्थनेला नागमणी नव्हती. पहिला तास सुरू झाला तरी नव्हती. बाकावरची तिची जागा रिकामी होती आणि मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून बसले होते. मराठीच्या बाई काय वाचत होत्या देव जाणे. तास संपता संपता ती दारात आली, आत येऊ का विचारून माझ्या शेजारी बसली. कपाळावर घाम होता, चालत नाही, पळत आली होती.

"मारलं का गं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाय." ती दप्तर उघडत होती. "सकाळी नायनानं समोर बसवलं. म्हणला, विचारलं न्हाय म्हणून तू शाळेत लिवलंस. मीबी तुला कदी विचारलं न्हाय. तर आता सांग, घरी राहायचंय का शाळेत जायचंय."

"मग?"

"मग काय," नागमणी म्हणाली आणि गणिताचं पुस्तक बाकावर ठेवलं. "जायचंय म्हणलं."